सेवाग्रामची शिरगणती

सेवाग्राम आश्रमाविषयी मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी अशा चार भाषांत जे विपुल लेखन झाले आहे, त्यात एक यादी हमखास भेटते. आश्रमात कोण कोण राहत होते, त्याची ती यादी. इंग्रज नौसेनापतीची कन्या मॅडेलिन स्लेड, म्हणजे मीराबेन. पोलंडमधील ज्यू कुळात जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन, म्हणजे भारतानंद. कपुरथळ्याच्या राजकुळातील ख्रिस्ती घराण्यात वाढलेल्या राजकुमारी अमृत कौर. पतियाळाच्या मुसलमान घरातील अमतुस्सलाम. सिलोनचे तमिळ ख्रिस्ती आर्यनायकम् व त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी. कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री. जपानी बौद्ध भिक्षू. आणि गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी, ज्यांनी १९४७ च्या जून महिन्यात याच आश्रमात प्रायोपवेशनाने देह ठेवला. यादी सरली की लेखक ‘लघुभारत’ किंवा ‘विश्वकुटुंब’ असा एखादा उद्गार काढतो आणि पुढील विषयाकडे वळतो.

आमचा आक्षेप यादीवर नाही, उद्गारावर आहे. यादी खरी आहे. कापसाच्या काळ्या जमिनीत वसलेल्या एका आडगावी, पावसाळ्यात गुडघाभर चिखल तुडवल्याखेरीज जेथे पोहोचता येत नसे अशा ठिकाणी, इतक्या वंशांची व धर्मांची माणसे एका पंगतीला बसली, ही गोष्ट या देशाच्या इतिहासात सामान्य नव्हे. परंतु कोण कुठून आले एवढ्यावरून वस्तीची घडण कळत नाही. आल्यावर ती माणसे एकमेकांशी कशी जोडली गेली, कोण कोणाच्या हातचे जेवले, कोणी कोणाचे उष्टे काढले आणि यादीत कोणाचे नावच आले नाही, यावरून ती कळते.

आपल्या वाचकांना हा भेद पवित्र शास्त्रातून सहज उमजेल. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात अशीच एक भव्य यादी आहे. पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमियाचे रहिवासी, क्रेतीय आणि अरब असे सारे जग यरुशलेमच्या एका अंगणात उभे आहे आणि प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू येते आहे. पेन्टेकॉस्टच्या सणाला आपण हे वाचन मोठ्या सुरात करतो. पण त्याच पुस्तकाचा सहावा अध्याय उघडावा. तेथे ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर चालली आहे, की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांना डावलले जाते. भाषांचा चमत्कार होऊन फार दिवस लोटलेले नाहीत, आणि भाकरीच्या वाटणीत भाषेची रेघ उमटली आहे. संत लूकचे मोठेपण असे, की दुसरा अध्याय लिहिणाऱ्या त्याच लेखणीने त्याने सहावाही लिहिला. सेवाग्रामच्या साहित्यातील बहुतेक पुस्तके दुसऱ्या अध्यायात रमतात. सहाव्यापर्यंत जाणारी थोडी. त्या थोड्यांसाठीच हा लेख.

प्रथम यादीबाहेर राहिलेल्यांविषयी. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावात राहावयास आले, तेव्हा तेथे ओसाड माळ नव्हता, गाव होते. मालगुजारीचा मोठा हिस्सा जमनालाल बजाजांकडे होता आणि वस्तीत बहुसंख्या त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांची होती. ते होते म्हणूनच गांधीजींनी हे गाव निवडले. आश्रमाच्या साहित्यात मात्र ही माणसे ‘गावकरी’ वा ‘हरिजन’ अशा घाऊक शब्दांत येतात. वॉर्सातून आलेल्या माणसाचे पूर्वायुष्य आम्हांस दोन परिच्छेदांत कळते, पण आश्रमाच्या कुंपणापलीकडे ज्यांच्या चार पिढ्या नांदल्या त्यांपैकी एकाचेही आडनाव पुस्तक मिटल्यावर आठवत नाही. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर चार जाडजूड खंड प्रसिद्ध केले. कुणबी, तेली, महार, गोंड, कोलाम असे या प्रांतात राहणारे सारे त्यांत नोंदलेले आहेत. ती दृष्टी सरकारी, माणसाला नमुना म्हणून पाहणारी. पण त्या खंडांत निदान गावचा माणूस आहे. आश्रमाच्या यादीत तोही नाही.

गावाचे नावसुद्धा टिकले नाही. बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले. सोय म्हणून ते योग्यच होते. तरी एका गावाने पाहुण्यांच्या पत्रांसाठी आपले नाव बदलले, ही गोष्ट कोणा चरित्रकाराला क्षणभर थांबून पाहावीशी वाटली असती, तर आम्हांस बरे वाटले असते.

नावांचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे रेंगाळणे अप्रस्तुत होणार नाही, कारण वस्तीच्या घडणीचे मर्म आमच्या मते येथेच आहे. मॅडेलिनची मीरा झाली, फ्रीडमनचे भारतानंद झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा भार वाहणारे जे. सी. कुमारप्पा हे मूळचे जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. तंजावरच्या ख्रिस्ती घरात १८९२ साली त्यांचा जन्म झाला, आणि पाश्चात्त्य वळणाचे आडनाव टाकून त्यांनी आजोबांचे नाव धारण केले. या साऱ्यांनी नवे नाव घेतले ते आपल्या खुशीने, कोणाच्या तरी जवळ जाण्यासाठी. सेगावच्या बहुसंख्य लोकांनाही त्याच सुमारास एक नवे नाव मिळाले, ‘हरिजन’. ते त्यांनी घेतले नव्हते, त्यांना देण्यात आले होते. देणाऱ्याच्या मनात प्रेम होते याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण डॉ. आंबेडकर व त्यांच्या अनुयायांना ते नाव कधीच मानवले नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी वर्ध्यापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर नागपुरात जे घडले, त्यानंतर या भागातील महार समाजाच्या फार मोठ्या भागाने आपले नाव आपणच निवडले. ते बौद्ध झाले. सेवाग्रामवरील पुस्तके त्यानंतरही वर्षानुवर्षे ‘हरिजन’ लिहीत राहिली. शब्द शिळा झाला आहे हे लेखकांना कळले नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना विचारण्याची रीत त्या साहित्यात नव्हतीच.

आता पुस्तकांकडे वळू. मीराबेन यांचे इंग्रजी आत्मचरित्र ‘द स्पिरिट्स पिल्ग्रिमेज’ १९६० साली निघाले. त्या सेगावात गांधीजींच्याही आधी आल्या. आज जिला लोक बापूकुटी म्हणून वंदन करतात ती मुळात त्यांनी स्वतःसाठी बांधलेली कुटी होय. त्याआधी वर्ध्यालगतच्या सिंदी गावात त्या व इतर मंडळी सकाळी रस्त्यावरची विष्ठा उचलीत, आणि गावकरी त्यांना उचलू देत! सवर्ण गावाच्या दृष्टीने एका मडमेने आपखुशीने भंग्याचे काम पत्करले होते आणि व्यवस्था जशी होती तशीच राहिली होती. या अपयशाचा सल पुस्तकात प्रामाणिकपणे उतरला आहे. मात्र मीराबेन यांच्या लेखणीत झाडे, बैल व घोडे जितके जिवंत होतात तितका सेगावचा शेजारी होत नाही. हा दोष हृदयाचा नव्हे. गावची बोली परकी असेल, तर चेहरा दिसतो आणि माणूस निसटतो. परप्रांतातून आपल्या धर्मग्रामांत येणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी हे पुस्तक याच कारणासाठी वाचावे.

बळवंतसिंह यांचे हिंदी पुस्तक ‘बापू की छाया में’ याहून अगदी निराळे. हा उत्तर प्रदेशातील शेतकरी. आश्रमाची गोशाळा व शेती त्याने सांभाळली. वाङ्मयीन डौल त्याच्याजवळ नाही, पण सहावा अध्याय त्याने मन लावून लिहिला आहे. आश्रमातले रुसवे, स्वयंपाकघरातील कुरबुरी, कामाच्या वाटणीवरून झालेल्या खटपटी आणि बापूंकडे गेलेल्या तक्रारी असे सारे तेथे आहे. गांधीजींच्या संकलित वाङ्मयाचे जे शंभर इंग्रजी खंड आहेत, त्यांतील सेवाग्रामच्या काळाचे खंडही याच दृष्टीने चाळावेत. व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्राशेजारी आश्रमवासीयाला लिहिलेली चिठ्ठी सापडते. भाजी कशी शिजवावी, अमक्याने तमक्यावर का रागवावे, आजाऱ्याची पाळी कोणाची, असा तिचा मजकूर. पुष्कळ अभ्यासकांना या चिठ्ठ्या म्हणजे थोर पुरुषाच्या वेळेचा अपव्यय वाटतो. आम्हांस त्या आश्रमाच्या खऱ्या शिरगणतीची पाने वाटतात. पंजाबी, गुजराती, तमिळ व मराठी जिभांना एकाच बिनमसाल्याच्या भाजीवर एकत्र ठेवणे हे काही प्रार्थनेच्या वेळी होत नाही. ते चुलीपाशी, रोज, कोणाला तरी करावे लागते.

महादेवभाई देसाई यांचे चिरंजीव नारायण देसाई यांच्या बालपणीच्या आठवणींतही ही बाजू हसतखेळत आली आहे. आश्रमातील विक्षिप्त व व्याधिग्रस्त माणसांचा मेळा एका मुलाच्या डोळ्यांना जसा दिसला तसा त्यांनी तो मांडला. मुलाला कोणाचा प्रांत वा वंश यांत रस नसतो. त्याला माणसाची लकब दिसते. म्हणून त्या पुस्तकात यादी नाही आणि माणसे आहेत.

आश्रमाचे दोन दंडक या सर्व पुस्तकांत इतस्ततः विखुरलेले सापडतात, आणि वर सांगितलेल्या भव्य यादीपेक्षा त्यांचे मोल आम्हांस अधिक वाटते. एक, अस्पृश्य मानलेल्यांच्या हातचे अन्न सर्वांनी खायचे आणि संडाससफाई सर्वांनी करायची. दुसरा पुढे, १९४० नंतरच्या दशकात आला. वधुवरांपैकी एकजण अस्पृश्य समाजातील असल्याखेरीज आश्रमात विवाह लागणार नाही, असे गांधीजींनी ठरविले. वेगवेगळ्या रक्तांची माणसे एका छपराखाली जमली म्हणजे समाज एक झाला, ही समजूत या दुसऱ्या दंडकाने मोडीत काढली. एकत्र प्रार्थना सोपी असते, एकत्र जेवण त्याहून अवघड, आणि सोयरीक सर्वांत अवघड. परचुरेशास्त्री ब्राह्मण होते की आणखी कोणी, हा प्रश्न त्यांच्या जखमा धुताना उरला नव्हता. लग्नाच्या मांडवात तो हमखास उठतो.

प्रार्थनेविषयीही एक नोंद आवश्यक आहे, कारण तिच्यात आपला वाटा आहे आणि आपल्या लेखकांनी तो सांगितलेला नाही. आश्रमाच्या प्रार्थनेत गीतेतील स्थितप्रज्ञाचे श्लोक, कुराणातील आयत, पारशी प्रार्थना आणि जपानी बौद्ध मंत्र होता. हा मंत्र ज्या भिक्षूमुळे आला त्याला डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरताच पोलीस घेऊन गेले. मंत्र तेथेच राहिला. आणि ख्रिस्ती स्तोत्र म्हणून जे गांधीजींना विशेष प्रिय होते ते जॉन हेन्री न्यूमन यांचे, १८३३ साली रचलेले. तेव्हा न्यूमन अँग्लिकन होते. १८४५ मध्ये ते कॅथॉलिक ख्रिस्तसभेत आले, पुढे कार्डिनल झाले आणि २०१९ साली संतपदाला पोहोचले. नरसिंहराव दिवेटियांच्या गुजराती रूपांतरात हे स्तोत्र आश्रमाच्या भजनावलीत रुजले. इंग्रज संताचे शब्द, गुजराती पेहराव आणि वर्ध्याची माती असा हा संगम! आपल्यापैकी कितीजणांनी ते सेवाग्रामशी जोडून ऐकले आहे?

कुमारप्पांच्या वाट्यालाही हीच उपेक्षा आली. तुरुंगात लिहिलेले आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे येशूच्या आचार-उपदेशांवरील छोटे पुस्तक वर्ध्याच्या ख्रिस्ती चिंतनाचा पहिला मोठा ठेवा ठरावे. साम्राज्य, संपत्ती व हिंसा यांच्याशी ख्रिस्ताच्या नावाने केलेल्या तडजोडींवर त्यांचा रोख आहे. त्यांचे सगळेच निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीत. ख्रिस्तसभा आणि संस्कार यांविषयीची त्यांची घाई आमच्यासारख्या सेमिनरीत घडलेल्या माणसाला खटकणारच. पण ते तमिळ होते, प्रॉटेस्टंट होते आणि इंग्रजीत लिहीत होते, एवढ्यावरून मराठी ख्रिस्ती साहित्याच्या चर्चेतून ते गळावेत, हे आपल्याच शिरगणतीचे अपुरेपण आहे.

सहाव्या अध्यायाचे साहित्य मराठीत नाही असे मात्र कोणी समजू नये. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त बाप्तिस्मा झालेल्या पतीच्या घरी येऊन आपली चूल वेगळी ठेवणारी एक ब्राह्मण स्त्री आहे. तिचे सोवळे एका दिवसात सुटत नाही. घोटाघोटाने, घासाघासाने सुटते, आणि ते सांगताना ती स्वतःला हसते. वसंत मून यांच्या ‘वस्ती’त (१९९५) तर नागपूरच्या सीताबर्डीवरील महारपुराच बोलू लागतो. आखाडे, समता सैनिक दलाची कवायत, शेजाऱ्यांची भांडणे आणि अखेरीस दीक्षेचा तो ऑक्टोबर महिना. सेगावच्या गावकऱ्यांचा जो चेहरा आश्रमाच्या साहित्यात आम्ही शोधीत होतो, तो त्याच मातीतल्या दुसऱ्या एका वस्तीच्या या पुस्तकात गवसतो. दोन्ही लेखकांपाशी यादी नाही. त्या वस्तीतच ते राहत होते, त्यामुळे यादीची त्यांना गरजही नव्हती.

आणि आपले काय? वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे तेरा लाख भरली. त्यांत ख्रिस्ती लोक एका टक्क्याच्याही पुष्कळ खाली. रेल्वे, पुलगावचे दारूगोळा भांडार, इस्पितळे व शाळा यांच्या निमित्ताने आलेली मल्याळी, तमिळ, गोवेकर व छोटा नागपूरकडील आदिवासी कुटुंबे, आणि येथेच पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे, असा आपल्या रविवारच्या मिस्सेचा मेळ असतो. विदर्भातील धर्मग्रामांच्या रौप्य व सुवर्ण महोत्सवी स्मरणिका आम्ही गेली वीस-बावीस वर्षे जमवीत आलो आहोत. त्यांची घडण ठरलेली. आरंभी महागुरूंचा संदेश, मग १८८७ साली नागपूर धर्मप्रांत कसा स्थापन झाला आणि सॅव्हॉयमधून आलेल्या संत फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनरींनी काय सोसले त्याचा इतिहास, मग धर्मगुरूंची सालवार नामावली, मग देणगीदार आणि सराफांच्या जाहिराती. मध्येच कोठेतरी तो परिचित उद्गार येतो, की आमचा धर्मग्राम म्हणजे लघुभारत.

यांतील एकाही स्मरणिकेत, सणाच्या जेवणाची भांडी कोण घासते, ते नाही. गाण्याच्या चमूत कोणत्या भाषेला किती रविवार मिळतात, ते नाही. परप्रांतीय आणि स्थानिक घरांत गेल्या पन्नास वर्षांत किती सोयरिकी झाल्या, ते नाही, आणि ही माहिती तर धर्मग्रामाच्या विवाह नोंदवहीत आयती पडलेली असते. स्थानिक दलित ख्रिस्ती कुटुंबाची अडचण तर आणखी खोल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्याला मिळाला नाही. एकाच आजोबांच्या दोन नातवांपैकी बौद्ध नातवाला दाखला मिळतो, ख्रिस्ती नातवाला नाही. मग काही घरे सरकारी कागदावर एक आणि चर्चच्या नोंदवहीत दुसरे लिहितात, आणि या दोहोंमधले मौन पुढच्या बाकावर बसणाऱ्यांना ऐकू येत नाही. या प्रश्नावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, ते ठीकच. पण ख्रिस्तसभेतही जातिभेद पाळला जातो, ही कबुली भारतातील महागुरूंनी २०१६ च्या डिसेंबरमध्ये आपल्या दलितविषयक धोरणात स्वतः दिली आहे, आणि त्यानंतर निघालेल्या ज्या स्मरणिका आमच्या कपाटात आहेत त्यांत या कबुलीचा एक शब्दही उमटलेला नाही.

यरुशलेमच्या त्या कुरकुरीचा शेवट कसा झाला, इकडे प्रवचनांत सहसा लक्ष वेधले जात नाही. अन्नवाटपासाठी सात माणसे निवडली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत! भाकरीचे भांडार ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती देण्यात आले. संत लूकने त्यावर भाष्य केलेले नाही, नुसती नावे लिहिली आहेत.

आमची एक सूचना आहे, ती वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, आर्वी या बाजूंच्या वाचकांसाठी. घरात कोणी आजी-आजोबा असतील, ज्यांनी सेवाग्रामच्या इस्पितळात, गोशाळेत किंवा स्वयंपाकघरात कधी काम केले असेल, किंवा जे आपल्या चर्चमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा कोणत्या बाकावर बसले हे त्यांना आठवत असेल, त्यांना बोलते करावे आणि ते जसे सांगतील तसे लिहून या त्रैमासिकाकडे पाठवावे. शुद्धलेखनाची चिंता नको. वऱ्हाडी बोलीत असले तरी चालेल. पाठवताना सांगणाऱ्याचे नाव, त्याची हरकत नसेल तर, पूर्ण लिहावे.